अनवाणी पायांचा पाठीराखा

२०२४ सालच्या जुलैची २६ तारीख. रात्रीचे अकरा वाजलेले. पॅरिस ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा पाहायला आमचं सारं घर दूरदर्शन संचासमोर ठाण मांडून बसलं होतं. स्टेडियमऐवजी सीन नदीत भरलेला सोहळा! भर पावसात खेळाडूंच्या नौका एकामागून एक निघाल्या होत्या. पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल तिरंगा घेऊन दिसले, तशी आमच्या सौभाग्यवतींनी टाळ्याच वाजवल्या.

नात मात्र गप्प होती. जिल्ह्याच्या शर्यतीत ती पहिल्या तिघींत आली नव्हती. आता पळणं पुरे, दहावीचं बघ, असं चिरंजीवांनी तिला जेवताना बजावलं होतं. हळूच तिनं मला विचारलं, या नौकांमधल्या बहुतेकांना पदक मिळणारच नाही, मग त्यांना पाठवतात तरी कशाला? उत्तरादाखल मी तिला एका माणसाची गोष्ट सांगितली. त्यांचं नाव सर दोराबजी टाटा.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव. जन्म मुंबईचा, १८५९ सालचा. शिक्षणासाठी केंब्रिजला गेले आणि तिथं क्रिकेट-फुटबॉलमध्ये रमले. मैदानाची ती ओढ पुढं कधी सुटली नाही. वडील १९०४ साली गेले, तेव्हा त्यांची स्वप्नं अर्ध्यावर होती. जमशेदपूरचा पोलाद कारखाना, सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज, बंगळूरची विज्ञान संस्था... ही सारी दोराबजींनी उभी करून दाखवली. एवढ्या व्यापात माणूस मैदान विसरला असता तर कुणी दोष दिला नसता.

पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष झाले. तिथल्या १९१९ च्या क्रीडास्पर्धेत त्यांनी धावपटू पाहिले. बहुतेक शेतकरी घरांतले, पायात काही नाही, शास्त्रशुद्ध शिक्षण नाही. पण घड्याळ सांगत होतं की ही पोरं परदेशी धावपटूंच्या फार मागं नाहीत. दुसरा कुणी शाबासकी देऊन घरी गेला असता. दोराबजींनी थेट ऑलिम्पिकचा विचार केला! मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांच्यामार्फत हिंदुस्थानला प्रवेश मिळवला, निवड-चाचण्या झाल्या आणि खर्चाचा मोठा भार त्यांनी स्वतः उचलला.

१४ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधल्या अँटवर्पला उद्घाटन झालं. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिम्पिकमध्ये प्रथम फडकला तो तिथंच, आणि खेळाडूंची शपथही तिथूनच सुरू झाली. त्या संचलनात आपला मूठभर खेळाडूंचा संघ होता. काळ पारतंत्र्याचा, स्वतःचा राष्ट्रध्वजही नव्हता. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, कांस्यपदक थोडक्यात हुकलं. संघ रिकाम्या हातांनी परतला.

हिशेबी माणूस इथंच थांबला असता. दोराबजींनी १९२४ सालच्या पॅरिसची तयारी चालवली. त्याच वर्षी पोलाद कारखाना बुडायच्या बेताला आला होता. तो वाचवण्यासाठी त्यांनी आपली खाजगी मालमत्ता बँकेकडे गहाण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरासुद्धा! साडी नेसून टेनिस गाजवणाऱ्या या बाईही खंबीर होत्या. कारखाना तरला. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष. आणि १९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला आपल्या हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं. अँटवर्पनंतर अवघ्या आठ वर्षांनी.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली. त्यातूनच पुढं परळचं टाटा कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. पण ते पाहायला दोराबजी नव्हते. ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांनी देह ठेवला. इंग्लंडमध्ये, ब्रुकवूडच्या दफनभूमीत पतिपत्नी शेजारी विसावली आहेत.

गोष्ट संपली तरी पडद्यावर नौका चालूच होत्या. मला वाटतं, दोराबजींनी पैसे पदकांसाठी मोजले नव्हतेच. आपल्या पोरांना जगाबरोबर एका रेषेवर उभं राहता यावं, एवढ्यासाठी ते मोजले होते. रेषेवर उभंच राहू दिलं नाही, तर पुढं जिंकणार कोण?

चिरंजीव मागं उभे राहून ऐकत होते, हे मला नंतर कळलं. ते काही बोलले नाहीत. पण सकाळी साडेपाचला दार वाजलं म्हणून डोकावलो, तर नात बूट घालत होती आणि तिचा बाप झोपाळलेल्या डोळ्यांनी स्कूटरची किल्ली शोधत होता. दहावीचा अभ्यास संध्याकाळी होणार होता.