जमशेटजी टाटा यांचे विद्यादान

आमच्या हैदराबाद नगरीच्या पश्चिमेस गोपनपल्ली येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रांगण आहे. मिठाच्या पुडीवर आणि मालमोटारीवर दिसणारे हे नाव विद्येच्या दारी कसे आले, असा प्रश्न तिकडून जाताना काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्रात आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते व्यापारात शिरले. १८६८ साली अवघ्या २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास ‘एम्प्रेस मिल’ सुरू केली. पोलादाच्या कारखान्याची व ताजमहाल हॉटेलाची हकीकत बहुतेकांच्या परिचयाची असल्याने ती आम्ही येथे सांगत नाही.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराड्यांच्या धुराने आकाश काळवंडून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस लोणावळ्याजवळ अडवावा, ते पाणी घाटाखाली सोडून वीज निर्माण करावी आणि त्या निर्धूर शक्तीवर गिरण्या चालवाव्यात, ही कल्पना जमशेटजींनी उचलून धरली. परंतु अशी कामे करणारे शास्त्रज्ञ देशातच घडावयाचे, तर त्यांना शिकावयास व संशोधन करावयास जागा हवी होती, आणि तीच नव्हती.

१८९८ साली त्यांनी विज्ञान-संशोधनाच्या विद्यापीठासाठी मुंबईतील १४ इमारती व ४ भूखंड देऊ केले. त्यांची किंमत सुमारे ३० लक्ष रुपये, म्हणजे त्यांच्या संपत्तीचा जवळजवळ अर्धा भाग होता. एवढे देऊनही संस्थेस स्वतःचे नाव द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. त्याच वर्षअखेर ही योजना नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवण्यात आली. एवढे विद्यार्थी मिळतील काय आणि शिकून त्यांना कामे मिळतील काय, अशी शंका त्यांनी घेतली. १९०० साली सर विल्यम रॅम्से हे विख्यात रसायनशास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले व त्यांनी बंगळूर हे स्थान सुचविले. तरीही कागद हलत राहिले आणि वर्षे जात राहिली. देणारा हात पुढे असताना घेणाऱ्याने इतका विचार करावा, याचे आम्हांस आजही नवल वाटते!

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे जमशेटजींचा अंत झाला. तोवर संस्थेची एक वीटही रचली गेली नव्हती.

त्यांचे पुत्र दोराबजी व रतनजी यांनी वडिलांचा संकल्प पुढे चालविला. म्हैसूर संस्थानने ३७१ एकर जमीन दिली, १९०९ साली संस्था स्थापन झाली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी आले. लोणावळ्याचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात उतरले ते १९१५ साली. संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्सेंचे सहकारी असून, हायड्रोजन वायू द्रवरूप करण्याचे यंत्र त्यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत उभारले होते.

हायड्रोजन जळला की धूर होत नाही, केवळ पाणी होते. म्हणून आज साऱ्या जगाचे लक्ष त्याच्याकडे लागले आहे. तो स्वस्तात मिळवावा कसा, हा मात्र मोठा प्रश्न आहे. बंगळूरच्या याच संस्थेतील संशोधकांनी लाकूडफाट्यासारख्या जैविक पदार्थापासून वाफेच्या साह्याने हायड्रोजन काढण्याची रीत सिद्ध केली असून, १ किलो पदार्थापासून त्यांना सुमारे १०० ग्रॅम हायड्रोजन मिळतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनासाठी १९,७४४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांपैकी संशोधनास ४०० कोटी ठेवले. जमशेटजींनी काढलेला अर्धा वाटा आठवला, म्हणजे शंभरातले हे दोन रुपये आम्हांस फार थोडे वाटतात.

संस्थेचे अधिकृत नाव ‘भारतीय विज्ञान संस्था’ असे आहे. पण बंगळुरात रिक्षावाल्यास ते सांगून पाहावे. कित्येकदा तो क्षणभर विचार करतो आणि मग टाटा इन्स्टिट्यूटला जायचे काय, असे विचारतो.