कुलपाची परीक्षा घेणारा कारागीर : अर्देशिर गोदरेज

जळगावच्या सराफ बाजारातील पेढी असो वा धुळ्यातील घर, बाहेर पडताना कुलूप एकदा ओढून पाहिल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. भारतीय कुलपाला हा विश्वास मिळवून देण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज या क्षेत्रात उतरले ते अगदी नवशिके म्हणून. किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद नव्याने जोपासणाऱ्यांनी त्यांचे चरित्र जरूर अभ्यासावे.

मुंबईतील पारशी कुटुंबात २६ मार्च १८६८ रोजी त्यांचा जन्म झाला. विवाहानंतर थोड्याच काळात, १८९१ मध्ये, पत्नी बाचूबाई यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. अर्देशिर यांनी पुन्हा विवाह केला नाही. वकील होऊन ते १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांजिबारला गेले; मात्र अशिलाची बाजू पूर्ण सत्य नाही असे वाटताच ती मांडण्यास त्यांनी नकार दिला आणि वकिली सोडली. पुढे मेरवानजी कामा यांच्याकडून कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनविली. उपकरणांवर भारतीय बनावटीची खूण असावी, हा त्यांचा आग्रह इंग्रज ग्राहकाने अमान्य केला आणि तोही व्यवसाय बंद पडला.

त्याच सुमारास मुंबईतील वाढत्या घरफोड्यांचे वृत्त त्यांच्या वाचनात आले. कामा यांनी पुन्हा साह्य केले आणि ७ मे १८९७ रोजी लालबागमधील गॅस कंपनीशेजारच्या छोट्या शेडमध्ये डझनभर कारागिरांसह कुलपांचे काम सुरू झाले.

चांगले कुलूप घडवायचे तर ते कसे फोडले जाते हे आधी कळले पाहिजे. लिव्हरच्या कुलपात अनेक पट्ट्या असतात. त्या सर्व योग्य उंचीवर आल्या तरच खटका सरकतो. परंतु घडणीतील सूक्ष्म फरकामुळे खटक्यावर हलका दाब दिला की एखादी पट्टी आधी अडते. ती उचलून जागी आणली की दुसरी अडते. नवशिक्याची चूक होते ती येथेच. तो जोर लावतो, सर्व पट्ट्या एकदम अडकतात आणि बोटांना काहीच जाणवत नाही. दाब कमी ठेवणे, एका वेळी एकच पट्टी हाताळणे आणि बोटांच्या जाणिवेवर भरवसा ठेवणे, हेच या कौशल्याचे मर्म होय. पट्ट्यांमधील फरक कमीत कमी राहावा, हे कुलूपकाराचे उत्तर असते.

ही झुंज जुनीच आहे. १८१८ मध्ये इंग्लंडच्या जेरेमिया चब यांनी छेडछाडीची खूण राखणारे कुलूप बनविले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेच्या आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामा कंपनीच्या आव्हानाच्या कुलपासाठी मात्र त्यांना ५१ तास लागले. या पराभवांमुळे कुलूपनिर्मिती सुधारली.

अर्देशिर यांनीही हाच धडा गिरविला. 'अँकर' कुलपे त्यांनी हमी देऊन विकली. 'गॉर्डियन' कुलपाला दोन किल्ल्या होत्या. त्यांपैकी एकीने आतील रचना बदलली की दुसरी निरुपयोगी ठरे. 'डिटेक्टर' कुलपात चुकीची किल्ली फिरविली की ते अडके आणि कोणी प्रयत्न केला आहे, हे मालकास उमगे. पुढे स्प्रिंगविरहित कुलूप आले. स्प्रिंग कमकुवत होऊन कुलूप बिघडण्याचा धोका त्यात नव्हता. १९०२ मध्ये तिजोरीही तयार झाली.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी वनस्पती तेलाचा साबण काढला. त्याचे नावही 'चावी' होते. टिळक स्वराज्य फंडास त्यांनी तीन लाख रुपये दिले. उत्तरायुष्यात धंदा धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे सोपवून ते नाशिककडे शेतीत रमले. तेथे त्यांना यश लाभले नाही. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

वकिलीत सत्य सोडायचे नाही म्हणून त्यांनी पेशा सोडला. कुलपांची हमी देतानाही तोच बाणा राखला. छंद म्हणून कुलूप उघडणाऱ्याने हीच मर्यादा पाळावी. स्वतःचे किंवा मालकाने स्वखुशीने दिलेले कुलूपच हाती घ्यावे, आणि दारावर रोज वापरातले कुलूप कधीही सरावासाठी वापरू नये. कारण उघडण्याची कला शिकताना कुलूप बिघडते, आणि त्यासोबत घराची निश्चिंतताही.