विमानशिल्पी डॉ. घाटगे

विमान जोडणे आणि विमान रचणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग नकाशाप्रमाणे एकमेकांस जोडले, की विमान उभे राहते. या कामाला हातात कसब लागते आणि चिकाटीही लागते. परंतु पंख किती लांब असावा, त्याचा फुगवटा कोठे असावा, शेपूट किती अंतरावर ठेवावे, पत्रा कोठे जाड व कोठे पातळ घ्यावा, हे सारे कोऱ्या कागदावर ठरवावयाचे असेल, तर वाऱ्याचे शास्त्र ठाऊक असावे लागते. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात पहिले काम करू शकणारे कारागीर पुष्कळ होते. दुसरे काम करणारे जवळजवळ कोणीच नव्हते. ती विद्या परदेशी जाऊन शिकणारे, ती येथे आणून इतरांना शिकविणारे आणि तिच्या बळावर भारतीय बनावटीचे विमान आकाशात पाठविणारे गृहस्थ म्हणजे डॉ. विष्णु माधव घाटगे.

विष्णुपंतांचा जन्म १९०८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात कोल्हापूरच्या मुलखात झाला. त्या वेळी विमान हे यंत्रच मुळी जेमतेम पाच वर्षांचे होते. अमेरिकेतील राइट बंधूंनी आपल्या सायकलीच्या दुकानामागे लाकूड, तारा आणि कापड यांचे घरीच बांधलेले यंत्र १९०३ सालच्या डिसेंबरात उडविले. विष्णू दोन वर्षांचा असताना, म्हणजे १९११ च्या फेब्रुवारीत, प्रयागहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत विमानाने टपाल गेले. जगातील ते पहिले अधिकृत हवाई टपाल होय. अंतर होते अवघे आठ-दहा किलोमीटरांचे. पण ते पाहावयास लोटलेल्या गर्दीला ते विमान म्हणजे पुराणातील गोष्ट खरी झाल्यासारखे वाटले असेल. मात्र ते विमान परकी, त्याचा चालक परकी. पुढे बरीच वर्षे आपल्याकडे विमानाची गोष्ट अशीच राहिली. ते वरून जावे आणि आपण खालून मान उंचावून पाहावे.

मुंबई विद्यापीठात उच्च शिक्षण घेतल्यानंतर विष्णुपंत जर्मनीतील गटिंगेन या गावी गेले. हे गाव लहान, परंतु तेथील विद्यापीठाची कीर्ती मोठी. लुडविग प्रांटल हे थोर शास्त्रज्ञ तेथे शिकवीत. विमानाच्या पंखावरून वारा कसा वाहतो, याचे कोडे ज्यांनी उलगडले त्यांत प्रांटल अग्रगण्य मानले जातात.

ते कोडे काय होते? आपल्या गावच्या ओढ्याकडे पाहा. मधला प्रवाह वेगाने धावत असतो. पण अगदी काठालगतचे पाणी जवळजवळ थबकलेले दिसते. तेथे टाकलेले पान जागच्या जागी घुटमळत राहते. वाऱ्याचेही असेच असते. पंखाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो. तो पंखाला जणू चिकटलेला असतो आणि त्याच्या वरची हवा मात्र वेगाने मागे जाते. हा थर पंखाला धरून आहे तोवर पंख विमानाला वर उचलून धरतो. नाक फार वर केले, की तो थर पंखापासून सुटतो, हवेत भोवरे माजतात आणि पंखाचे बळ नाहीसे होते. विमानाचे भवितव्य असे केसाइतक्या पातळ थरावर अवलंबून असते, ही गोष्ट प्रांटल यांनी १९०४ साली मांडली होती. त्यांच्यापाशी शिकलेल्या मोजक्या भारतीयांपैकी घाटगे हे एक. १९३६ साली त्यांनी गटिंगेनची डॉक्टर ही पदवी मिळविली. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती, आणि ज्यू म्हणून किंवा विरोधक म्हणून अनेक नामवंत प्राध्यापकांना ते विद्यापीठ सोडावे लागले होते. अशा दिवसांत परक्या भाषेत हा कठीण विषय आत्मसात करणे सोपे खचित नव्हते.

पदवी तर मिळाली. परंतु स्वदेशी परतल्यावर तिचा उपयोग कोठे करावयाचा? विमानशास्त्र शिकविणारा विभाग तेव्हा भारतातील एकाही विद्यापीठात नव्हता, आणि विमानांचा कारखानाही नव्हता. तो कारखाना काढण्याची धडपड सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी केली. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. कारखान्याचे काम म्हणजे अमेरिकन विमानांचे भाग आणून जोडणे. घाटगे तेथे रुजू झाले आणि जोडणीच्या त्या धामधुमीत त्यांनी एक विमान स्वतः रचावयास घेतले. ते इंजिनावाचून उडणारे, दहा माणसे बसतील असे ग्लायडर होते. १९४१ साली ते तयार झाले. अशी ग्लायडरे पुढे बनली नाहीत, ते एकटेच राहिले. म्हणून काही जण त्याची गणनाही करीत नाहीत. परंतु त्याचा प्रत्येक नकाशा येथे काढलेला होता.

लवकरच युद्ध भारताच्या दाराशी आले. कारखान्याचे रूपांतर लढाऊ विमानांच्या दुरुस्तीच्या ठाण्यात झाले आणि नवी विमाने रचण्याचा विचार मागे पडला. तथापि घाटग्यांचे काम थांबले नाही. १९४२ साली बंगळुरातीलच भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याची उभारणी त्यांनी केली. तेथे वातविवर, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, उभा राहिला. या बोगद्यात विमान जागच्या जागी असते आणि वारा धावतो. लाकडाचे लहानसे नमुना-विमान आत टांगावयाचे, प्रचंड पंख्याने त्यावर वारा सोडावयाचा आणि तो वारा त्यास किती वर उचलतो, किती मागे ढकलतो हे काट्यावर मोजावयाचे. नमुना चुकला तर सुताराचे चार दिवस वाया जातात. आकाशात चुकले तर माणूस जातो. आपल्या देशातील विमानरचनाकारांची पहिली पिढी अशा विभागातून आणि कारखान्यातून तयार झाली.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतर घाटगे कारखान्यातील रचना-विभागाचे प्रमुख झाले, आणि ज्यासाठी त्यांचे नाव घेतले जाते ते काम सुरू झाले. हवाई दलातील नवशिके चालक तेव्हा टायगर मॉथ नावाच्या इंग्रजी विमानावर शिकत. त्याला एकावर एक असे दोन पंख असत. पंखांचा सांगाडा लाकडी आणि वरून कापड ताणलेले. त्याच्या जागी भारतात रचलेले नवे विमान हवे होते.

शिकाऊ विमान लहान असते म्हणून ते रचणे सोपे, असे समजू नये. लहान मुलाला प्रथम घोड्यावर बसविताना आपण उमदा, उधळणारा घोडा निवडीत नाही. गरीब स्वभावाचा निवडतो. तो फार सुस्त असूनही चालत नाही, नाही तर स्वार काहीच शिकावयाचा नाही. विमानाचेही तसेच. नवशिका नाक अवेळी वर करणार, उतरताना आपटणार. या चुका त्या यंत्राने सोसल्या पाहिजेत आणि तरीही त्या चुका आहेत हे त्याला कळले पाहिजे. शिवाय शिक्षक व विद्यार्थी दोघांच्याही हाती विमानाचा दांडा असावयास हवा.

घाटगे आणि त्यांचे सहकारी यांनी रचलेल्या या विमानाचे नाव एचटी-२. त्याला खालच्या बाजूस एकच पंख होता, टोकापासून टोकापर्यंत सुमारे पावणेअकरा मीटर लांबीचा. विमानाची लांबी साडेसात मीटर होती. शिक्षक व विद्यार्थी एकामागे एक बसत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ते संपूर्ण धातूचे होते. हलक्या मिश्रधातूचे पत्रे एकमेकांवर ठेवून हजारो रिव्हेटांनी ते सांधलेले होते. अशा विमानात पत्रा हे नुसते पांघरूण नसते. सांगाड्याच्या बरोबरीने तोही भार उचलतो. इंजिन मात्र इंग्लंडच्या बनावटीचे वापरावे लागले, आणि ही उणीव भारतीय विमानांना पुढेही दीर्घकाळ जाणवत राहिली.

धातूची निवड आपल्या हवेच्या दृष्टीने फार मोलाची होती. विमान आयुष्यातील थोडाच काळ आकाशात असते. उरलेला सारा काळ ते जमिनीवर उभे असते, आणि त्याचा नाश बहुधा तेथेच सुरू होतो. मुंबईला जुहूच्या विमानतळावर चार महिने खारी, ओली हवा असते. तिने लाकूड फुगते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील वैशाखात तेच लाकूड वाळून आकसते. फुगणे आणि आकसणे वर्षानुवर्षे चालले, की सरसाने चिकटविलेले सांधे सैल होतात. बैलगाडीचे चाक उन्हाळ्यात खिळखिळे होते हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. १९४४ साली भारतात आलेल्या मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांचे अपघात झाले, तेव्हा त्यांचे उड्डाण काही काळ बंद ठेवावे लागले होते. दोष चिकटविण्याच्या कामाचा की येथील हवेचा, यावर पुष्कळ वाद झाला. धातूच्या विमानालाही गंजाचे भय असतेच. पण ऊनपावसात ते अधिक तग धरते.

१९५१ च्या ऑगस्ट महिन्यात कारखान्याचे परीक्षक-चालक जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ प्रथम आकाशात नेले. विमानाचे पहिले उड्डाण हा रचनाकाराच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रहर असतो. कागदावरील गणित, बोगद्यातील मोजमापे आणि पंखावर वाळूच्या गोण्या रचून केलेल्या बळाच्या परीक्षा हे सारे मागे उरते, आणि एक माणूस त्या गणितावर विश्वास ठेवून जमीन सोडतो. मुन्शी सुखरूप उतरले. १९५३ पासून ही विमाने कारखान्यातून बाहेर पडू लागली. एकंदर दीडशेहून अधिक तयार झाली. हवाई दलातील चालकांच्या कित्येक तुकड्या त्यांवर शिकल्या. आफ्रिकेतील घाना या देशाने आपले हवाई दल उभारले, तेव्हा त्यानेही भारताकडून बारा एचटी-२ विमाने घेतली. इतरांकडून विमाने विकत घेणाऱ्या देशाने दुसऱ्याला विमान विकावे, ही घटना तेव्हा साधी नव्हती.

यानंतर घाटग्यांनी त्याहूनही हलके विमान हाती घेतले. ते हवाई दलासाठी नव्हते. उड्डाणाची हौस असलेल्या सामान्य नागरिकांना फ्लाइंग क्लबात शिकता यावे, यासाठी होते. त्याचे नाव पुष्पक. १९५८ च्या सप्टेंबरात ते प्रथम उडाले. रचनेत ते एरॉन्का चीफ या अमेरिकन विमानाशी बरेच मिळतेजुळते होते, त्यामुळे एचटी-२ इतके श्रेय त्याला देता येत नाही. पण उपयोगाच्या दृष्टीने ते फार सोयीचे ठरले. दोन माणसे शेजारी शेजारी बसत, पंख डोक्यावर, इंजिन ९० अश्वशक्तीचे, आणि रिकाम्या विमानाचे वजन चारशे किलोच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या म्हशीपेक्षाही कमी! शेपटीकडून उचलून दोन-तीन माणसे ते सहज फिरवू शकत. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून त्यावर विशिष्ट रोगण चढवीत. ते वाळले, की कापड डफाच्या कातड्यासारखे ताठ होई. अशी साधी विमाने परदेशांत हौशी लोक आपल्या घरच्या पडवीत बांधतात, ते याच कारणाने.

परंतु असे विमान सांभाळावे लागते पोटच्या पोरासारखे. उन्हाने कापड विरते, म्हणून ते सावलीत ठेवावयाचे. हँगर नसेल तेथे खोबणी चाकांना लावून पंख दोरांनी जमिनीतील कड्यांस बांधावयाचे. नाही तर वळवाच्या वाऱ्यात ते चालकावाचूनच उडावयास निघते. शेपटीत चिमण्या घरटी करतात, उंदीर कापड कुरतडतात. कापडाखाली साचलेले पाणी नळ्यांना आतून गंज चढविते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पुष्पकासारख्या विमानाचे कापड ठरावीक काळाने काढून सांगाडा उघडा करून तपासावा लागतो.

पुष्पकाच्या मागोमाग सैन्याच्या टेहळणीसाठी कृषक हे विमान झाले, आणि नंतर घाटग्यांच्या नेतृत्वाखाली किरण या जेट इंजिनाच्या शिकाऊ विमानाचे काम सुरू झाले. किरण १९६४ च्या सप्टेंबरात उडाले. त्याच वर्षी कंपनीचे नाव बदलून हिंदुस्थान एरोनॉटिक्स असे झाले. पुढल्या वर्षी, १९६५ साली, भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरविले.

१९९१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. तोवर एचटी-२ विमानेही हवाई दलातून निवृत्त झाली होती. त्यांपैकी एक बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. जवळ जाऊन पाहिले, तर पंखाच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या सरळ रांगा दिसतात.