पंचम आणि प्रतिध्वनी

खडकवासल्याहून सिंहगडाकडे जाताना एखाद्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली, की ती परत येते. हिशेब सोपा आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. कडा १७० मीटरवर असेल, तर आपलीच हाक सेकंदाभराने आपल्या कानावर पडते. त्या परतलेल्या हाकेत काहीतरी वेगळेच असते. ती आपली असते आणि नसतेही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना या गोष्टीची भूल फार जुनी आहे.

पण कडा काही स्टुडिओत आणता येत नाही. १९४९ सालच्या ‘महल’मध्ये दुरून जवळ येत जाणारा आवाज हवा होता. तेव्हा संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे त्यासाठी यंत्र नव्हते. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला गेला आणि तरुण लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. ‘आयेगा आनेवाला’ची सारी गूढता त्या चार पावलांत आहे.

पुढे ही पावले यंत्राने टाकायची ठरवली. त्या यंत्रांच्या काळात ज्याची कारकीर्द बहरली, तो संगीतकार म्हणजे राहुलदेव बर्मन, आपला पंचम.

पंचमचा जन्म २७ जून १९३९ चा, कोलकात्याचा. वडील सचिनदेव म्हणजे सुरांचा वटवृक्ष. मुलाने अली अकबर खाँसाहेबांकडे सरोद आणि सामताप्रसादांकडे तबल्याचे धडे घेतले, पण खिशात माउथ ऑर्गनही ठेवला. १९५८ च्या ‘सोलवाँ साल’मध्ये हेमंतकुमारांच्या गाण्यात तो त्यानेच वाजवला आहे. १९६१ मध्ये ‘छोटे नवाब’ हा स्वतंत्र संगीत दिलेला पहिला चित्रपट आला आणि १९६६ च्या ‘तीसरी मंजिल’ने त्याचे नाव घरोघर पोचवले.

हा माणूस आवाजांचा भुकेला होता. काचेच्या पेल्यावर चमचा वाजवला, अर्धवट भरलेल्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर घातली, ‘पडोसन’मध्ये कंगव्यातून ताल काढला. मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती आणि तालाची बाजू सांभाळणारे आपले मारुतीराव कीर अशी तोलामोलाची माणसे त्याच्या भोवती होती. त्यामुळे त्याची कोणतीही कल्पना वेडगळ म्हणून टाकून दिली जात नसे.

याच सुमारास वादकांच्या हाती विजेवर चालणारी इको यंत्रे येऊ लागली. त्यांची रचना समजायला अवघड नाही. टेपची एक बंद माळ फिरत असते. एक हेड तिच्यावर आवाज लिहितो, थोड्या अंतरावरचा दुसरा हेड तोच वाचतो. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडांमध्ये १.९ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज एक दशांश सेकंद उशिरा येणार. वाचलेला आवाज पुन्हा लिहायला लावला, की आवर्तन सुरू. जपानच्या रोलंड कंपनीचे ‘स्पेस इको’ हे गाजलेले यंत्र १९७४ मध्ये बाजारात आले, ते याच तत्त्वावर. त्याआधी १९६९ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी टेपच काढून टाकण्याची युक्ती शोधली होती. आग विझवताना माणसे रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसा विद्युतभार एका खान्यातून दुसऱ्यात सरकवायचा. सरकायला लागलेला वेळ, तोच उशीर.

या यंत्रांचा मोह का पडतो? बटण हाताने फिरवायचे असते, त्यामुळे ते वाद्यासारखेच वाजवता येते. टेप जुनी होते, किंचित हेलकावते, प्रत्येक पुनरुक्तीत आवाज थोडा मऊ, थोडा धूसर होतो. गंमत म्हणजे कानाला हाच दोष गोड लागतो. पण त्याच गोष्टी गैरसोयीच्याही. टेप झिजते, सरसर आवाज येतो, काल लावलेली जागा आज तंतोतंत सापडत नाही. आणि अंतर ठरलेले असल्याने गाण्याची लय बदलली, की इको तालाशी भांडू लागतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात इको वाढवला की गायकाचे बेसूर झाकले जात आणि त्याबरोबर शब्दही बुडत, हे आपण सर्वांनीच अनुभवले आहे.

पंचमचे मोठेपण असे, की त्याने यंत्राला कंगव्याइतकाच मान दिला. कमी नाही, जास्तही नाही. १९७७ चा ‘किताब’ ऐकून पाहा. एका गाण्यात शाळेची बाके वाजतात. दुसऱ्यात, ‘धन्नो की आँखों में’मध्ये, गिटारचा सूर पाण्यात पडलेल्या प्रकाशासारखा हलत राहतो. ही लहर विजेच्या उपकरणाची. एकाच चित्रपटात लाकूड आणि वीज शेजारी-शेजारी बसली आहेत.

यंत्र कुठे थांबवायचे, हेही त्याला कळत होते. १९८७ च्या ‘इजाजत’मध्ये ‘कतरा कतरा’साठी एकाच स्त्रीचे दोन आवाज एकमेकांत गुंतायला हवे होते. इको लावला असता तर तीच ओळ, त्याच भावात, ठरावीक अंतराने परतली असती. यंत्र उत्तर देत नाही, ते फक्त म्हटलेलेच म्हणते. पंचमने आशाताईंना दोन वेगळ्या ट्रॅकवर गायला लावले. दुसरी आशा पहिलीची री ओढत नाही. ती मध्येच शिरते, तिला ओलांडून जाते, जणू मनच मनाशी बोलते आहे.

आणि नेमक्या याच वर्षांत नशीब फिरले होते. ‘सनम तेरी कसम’ आणि ‘मासूम’साठी लागोपाठ दोन फिल्मफेअर मिळाली, तरी डिस्कोच्या लाटेनंतर निर्माते दूर होत गेले. ज्या नासिर हुसेन यांच्याशी ‘तीसरी मंजिल’पासून साथ होती, त्यांचा १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ही आनंद-मिलिंद यांच्याकडे गेला. त्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि नंतर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. स्वस्त सिंथेसायझर आणि डिजिटल इको आता कोणालाही मिळत होते. जुन्या गाण्यांवर ठोका आणि इको चढवलेल्या ‘झंकार’ कॅसेट पानाच्या ठेल्यावर वाजू लागल्या. यंत्र तेच, पण ते कधी बंद करायचे हे ठरवणारा कान मागे पडला होता.

‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ची गाणी त्याने तयार केली, त्यांत सारा तजेला परत आला होता. पण ४ जानेवारी १९९४ रोजी, चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, तो गेला. अवघे ५४ वर्षांचे वय. त्या गाण्यांना १९९५ मध्ये फिल्मफेअर मिळाले. त्याच्या नावाने नव्या संगीतकारांसाठी पुरस्कार सुरू झाला आणि पहिला ए. आर. रहमानला मिळाला.

आज मोबाइलवरच्या एका बोटाने जुन्या टेपची थरथरसुद्धा उभी करता येते. घरातली मुले त्यावर गाणी बांधत असतील, तर त्यांना ‘किताब’ आणि ‘इजाजत’ एकदा शेजारी बसवून ऐकवा. कुठे उपकरण लावले आहे आणि कुठे माणसाला पुन्हा गायला लावले आहे, हे त्यांच्या त्यांनाच ओळखू द्या.