ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर

ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडर (२६ फेब्रुवारी १८८७ – ४ नोव्हेंबर १९५०) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटू होते. ते उजव्या हाताने चेंडू फेकणारे पिचर होते. मेजर लीगमधील २० हंगामांत त्यांच्या नावावर ३७३ विजयांची नोंद झाली. सर्वाधिक विजयांच्या यादीत साय यंग व वॉल्टर जॉन्सन यांच्यानंतर तिसऱ्या स्थानी त्यांचे व क्रिस्टी मॅथ्यूसन यांचे नाव बरोबरीने येते. तथापि अपस्मार, युद्धातील दुखापती व मद्यपान यांनी त्यांचे उत्तरायुष्य झाकोळून टाकले.

सुरुवातीचे जीवन

अलेक्झांडर यांचा जन्म नेब्रास्का राज्यातील एल्बा येथे एका मोठ्या शेतकरी कुटुंबात झाला. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांचे नाव त्यांना देण्यात आले. १९०९ साली इलिनॉय राज्यातील गेल्सबर्ग संघाकडून खेळताना, धाव घेत असता क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते दीर्घकाळ बेशुद्ध होते आणि त्यानंतर कित्येक महिने त्यांना एकाच्या दोन वस्तू दिसत. दृष्टी पूर्ववत झाल्यावर ते पुन्हा मैदानात उतरले.

फिलाडेल्फिया व महायुद्ध

१९११ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज संघाकडून पदार्पण करताना पहिल्याच हंगामात त्यांनी २८ सामने जिंकले. १९१५, १९१६ व १९१७ या सलग तीन वर्षांत प्रत्येकी तीसहून कमी विजय त्यांनी कधी मिळवले नाहीत. १९१६ मध्ये तर प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता त्यांनी १६ सामने जिंकले. हा विक्रम आजही अबाधित आहे.

१९१७ अखेर संघाने त्यांना शिकागो कब्जला विकले. त्यांना सैन्यात जावे लागेल, ही शक्यता व्यवस्थापनाने आधीच हेरली होती. खेळाडूच्या वाट्याला आलेल्या राष्ट्रकर्तव्याचाही असा व्यवहार झाला. १९१८ मध्ये फ्रान्समधील आघाडीवर ते तोफखान्यात होते. तोफांच्या सततच्या स्फोटांनी त्यांचा डावा कान बहिरा झाला, उजव्या हाताच्या स्नायूंना इजा झाली व मनावरही खोल आघात झाला. अपस्माराचे झटके येऊ लागले ते याच सुमारास. त्या काळी या व्याधीवर फारसे उपचार नव्हते आणि समाजात तिच्याविषयी भय व तिरस्कार होता. झटका येऊन तोल गेला तरी पाहणारे तो मद्याचा परिणाम समजत. आणि अपस्मारी म्हणवून घेण्यापेक्षा मद्यपी ठरणे त्यांनाही पत्करले, असे सांगितले जाते. मद्यपान मात्र खोटे नव्हते. ते वाढतच गेले. अशा स्थितीतही १९२० मध्ये त्यांनी २७ विजय मिळवले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

१९२६ ची विश्वमालिका

१९२६ च्या हंगामाच्या मध्यावर शिस्तीच्या कारणावरून कब्जने त्यांना सोडले व ते सेंट लुईस कार्डिनल्समध्ये आले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या विश्वमालिकेत दुसरा व सहावा सामना त्यांनी जिंकून दिला. दुसऱ्याच दिवशी, १० ऑक्टोबर रोजी, निर्णायक सातव्या सामन्याच्या सातव्या डावात कार्डिनल्स ३–२ असे आघाडीवर असताना त्यांना पाचारण करण्यात आले. तिन्ही बेसवर यांकीजचे धावपटू होते, दोन गडी बाद होते. समोर होते टोनी लाझेरी. लाझेरींनी एक चेंडू दूर भिरकावला, पण तो सीमारेषेबाहेर पडला. त्यानंतर अलेक्झांडर यांनी त्यांना बाद केले. पुढचे दोन डावही त्यांनी निभावले व कार्डिनल्स विजेते ठरले. आदल्या रात्रीच्या नशेतच ते खेळले ही दंतकथा लोकप्रिय असली, तरी स्वतः त्यांनी ती नाकारली होती. लाझेरी यांनाही अपस्माराचा विकार होता, हा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

अखेरची वर्षे

१९३० मध्ये त्यांची मेजर लीगमधील कारकीर्द संपली. पुढे हाउस ऑफ डेव्हिड या फिरत्या संघाबरोबर ते गावोगावी खेळले. पत्नी एमी यांच्याशी त्यांचा १९२९ मध्ये घटस्फोट झाला, १९३१ मध्ये पुनर्विवाह झाला व १९४१ मध्ये दुसऱ्यांदा घटस्फोट झाला. १९३८ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी त्यांची निवड झाली. या सन्मानातून उदरनिर्वाह होण्यासारखा नव्हता. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागात, जेथे पिसवांची सर्कसही दाखवली जाई अशा एका प्रदर्शनगृहात, लाझेरींना बाद केल्याची हकिकत ते प्रेक्षकांना दिवसातून अनेकदा सांगत.

ऑक्टोबर १९५० मध्ये यांकीज व फिलीज यांच्यातील विश्वमालिका पाहण्यास ते न्यूयॉर्कला गेले होते. महिनाभरातच नेब्रास्कातील सेंट पॉल येथे भाड्याच्या खोलीत त्यांचे निधन झाले.

१९५२ साली त्यांच्या जीवनावर 'द विनिंग टीम' हा चित्रपट निघाला. त्यात त्यांची भूमिका पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनी, तर एमीची भूमिका डोरिस डे यांनी केली. नायकाला येणारे झटके चित्रपटात दाखवले आहेत. अपस्मार हा शब्द मात्र त्यात उच्चारलेला नाही.