डॉ. आनंदीबाई जोशी : वय वर्षे २१

खरं सांगू का मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. तिथे आनंदीबाई जोशी म्हणजे जी.के.चा एक मार्क. पहिली भारतीय महिला डॉक्टर, झालं! त्या कशाने गेल्या हे मला यंदा कळलं, तेही फ्लुइड मेकॅनिक्सच्या सबमिशनच्या रात्री.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत एमबीबीएस करणारी माझी मावसबहीण हॉस्टेलवर आली होती. माझी पाइप नेटवर्कची आकृती बघून तिला फुफ्फुस आठवलं आणि बोलता बोलता विषय आनंदीबाईंवर गेला.

मूळच्या कल्याणच्या यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव, पोस्टातले कारकून, हट्टी माणूस. बायकोला शिकवायचंच हा ध्यास. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, धड उपचार न मिळता. डॉक्टर व्हायचं हे तिथे ठरलं. कलकत्त्याला असतानाच ताप, डोकेदुखी, अशक्तपणा मागे लागला होता. तरी १८८३ मध्ये, १८ वर्षांची ही मुलगी नवऱ्याला सोबत न घेता अमेरिकेच्या बोटीत बसली. (मला पुण्याला एकटीने जायचं तर घरी दहा फोन करावे लागतात!) फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. पण तिथल्या थंडीत तब्येत आणखी ढासळली. आजार होता क्षय, म्हणजे टीबी.

आता आपल्या भाषेत. श्वासनळीला दोन फाटे, प्रत्येकाला पुन्हा दोन, असं ढोबळमानाने २३ वेळा. कॅल्क्युलेटरवर बघा, २ चा २३ वा घात जवळजवळ ८४ लाख! शेवटच्या नळ्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, पण सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ इतकं वाढतं की हवेचा वेग जवळपास शून्यावर येतो. तिथल्या ३० ते ५० कोटी वायुकोशांत ऑक्सिजन सावकाश रक्तात उतरतो. वरच्या नळ्यांतला चिकट द्रव आणि बारीक केस आपल्या रस्त्यांवरची धूळ अडवून बाहेर ढकलतात. पण टीबीचे जंतू असलेले १ ते ५ मायक्रॉनचे कण तिथून निसटतात, खालच्या संथ हवेत पोचतात आणि तिथेच बसतात. ज्या रचनेमुळे आपण जगतो तीच त्यांना आत जागा देते. हे ऐकून मी पेन खाली ठेवलं.

कॉकने हा जंतू १८८२ मध्येच शोधला होता. त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन मात्र १९४३ मध्ये मिळालं. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक तयार होती, पण तिथे रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. मी आत्ता वीस.

त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, ती आजही आहे.