दोरी धरणारे मित्र

मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापून निघाले त्यास दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. ते 1805 साली बंगाल्यात, कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी असलेल्या सेरामपुरास निघाले. हे आपल्या नगरकडील श्रीरामपूर नव्हे. ते काम ज्यांनी सिद्धीस नेले ते विल्यम केरीसाहेब महाराष्ट्रात कधी आले नाहीत. वैजनाथ नामक पंडितांच्या साह्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ती शिकविली, आणि तिचे व्याकरण व कोश हे दोन्ही प्रसिद्ध केले. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ती कथा आम्ही येथे विस्ताराने सांगत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यांच्या मित्रांविषयी. आपल्या मंडळ्यांत कोणास मूठमाती देऊन परतताना, गेलेली माणसे पुन्हा भेटतील काय व भेटल्यास आम्हांस ओळखतील काय, असे उपदेशकांस पुष्कळदा विचारण्यात येते. ज्यांचे आप्त जिवंत असूनही ख्रिस्ताच्या नावामुळे दुरावले, ते हाच प्रश्न तोंडाने न विचारता मनात बाळगून असतात. अशा सर्वांनी केरीसाहेबांचे चरित्र वाचावे असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1761 रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. त्यांचा धंदा जोडे शिवण्याचा. 1783 साली जॉन रायलंड नावाच्या तरुण पाळकाने नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा केला. पुढे केरीसाहेब स्वतः उपदेशक झाले, आणि आसपासच्या मंडळ्यांच्या पाळकांशी त्यांचा स्नेह जडला. रायलंड, अँड्र्यू फुलर, जॉन सटक्लिफ व बर्मिंगहॅमचे सॅम्युएल पिअर्स हे चौघे त्यांच्या अंतःकरणाचे मित्र. परदेशी सुवार्ता पाठविण्याची मंडळी 2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंग गावी एका विधवा बाईच्या घरी स्थापन झाली, तेव्हा जमलेला निधी होता 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स. हे सर्व गरीब मंडळ्यांचे पाळक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढी रक्कमही लहान वाटत नाही.

फुलर यांनी त्या समयीचे वर्णन पुढे एका दृष्टांताने केले. हिंदुस्थान ही जणू सोन्याची खोल खाण, तिच्यात उतरण्यास केरी सिद्ध झाले, आणि वर राहणाऱ्यांनी जीवात जीव आहे तोवर दोरी धरून ठेवावी असे त्यांनी त्यांजकडून वचन घेतले. विहिरीचा गाळ काढण्यास उतरणाऱ्या मनुष्याचे प्राण काठावरच्यांच्या हाती कसे असतात, हे आपल्या खेड्यांतील वाचकांस कोणी समजाविण्याचे कारण नाही.

1793 च्या जून महिन्यात केरीसाहेबांनी इंग्लंडचा किनारा सोडला, तो कायमचा. मित्रांची पहिली पत्रे हाती पडावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. दरम्यान पैसा संपला, रानात वस्ती झाली, आणि 1794 साली मदनाबाटी येथे त्यांचा पाच वर्षांचा पुत्र पीटर वारला. त्या दुःखात पत्नी डॉरथी यांच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हा सावरला नाही. या बाईंवर टीका करणारे चरित्रकार झाले आहेत. आम्ही तसे करणार नाही. त्या आपल्या इच्छेने आल्या नव्हत्या, आणि पोटचे मूल परक्या मातीत ठेवून बसल्या होत्या.

मग एक भेट घडली. डर्बी येथील विल्यम वॉर्ड नावाच्या छापखान्यातल्या तरुणास केरीसाहेब निघण्यापूर्वी भेटले होते, आणि देवाने यश दिले तर शास्त्र छापावयास तुझ्यासारख्याची गरज पडेल असे त्यास सांगून ठेविले होते. तो शब्द वॉर्ड विसरले नाहीत. 1799 च्या ऑक्टोबरात ते जोशुआ मार्शमन व इतर सोबत्यांसह सेरामपुरास उतरले, आणि डिसेंबरच्या आरंभी एका रविवारी सकाळी होडी सोडून पायी चालत मदनाबाटीस केरींच्या दारी गेले. साडेसहा वर्षांनी दोघांनी एकमेकांस पाहिले. केरी आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी बदलले आहेत, अंगाने थोडे भरले असले तरी अद्याप तरुणच आहेत, अशी नोंद वॉर्ड यांनी आनंदाने करून ठेविली आहे. परंतु त्या वेळी पिअर्स निवर्तून सात आठवडे होऊन गेले होते, हे दोघांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. पिअर्स यांना स्वतःस हिंदुस्थानात येण्याची फार उत्कंठा होती. मित्रांनीच त्यांस इंग्लंडात ठेवून घेतले होते. 10 ऑक्टोबर 1799 रोजी, वयाच्या अवघ्या 33 व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. वॉर्ड यांचे पाऊल सेरामपुराच्या घाटास लागले ते तीनच दिवसांनंतर.

सेरामपुरास केरी, मार्शमन व वॉर्ड यांची कुटुंबे एकत्र राहू लागली. भोजन एका पंक्तीस, मिळकत एका थैलीत. आठवड्यात कोणाच्या मनात कोणाविषयी काही आले असेल तर शनिवारी सायंकाळी एकत्र बसून ते बोलून टाकावयाचे, आणि एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यावयाचे, असा त्यांनी नियम केला होता. स्वर्गात एकत्र राहण्याची आशा धरणाऱ्यांनी रविवारच्या आत समेट करावा, हे त्यांना सरळ दिसले. (आपल्या पंचांच्या सभांत हा नियम लागू केल्यास किती शनिवार पुरतील, हे आम्ही सांगू शकत नाही.) 28 डिसेंबर 1800 रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी नदीत त्याच्याबरोबर उतरले ते केरीसाहेबांचे ज्येष्ठ पुत्र फेलिक्स.

फेलिक्स यांची कथा उधळ्या पुत्राच्या दाखल्याची आठवण करून देते. ते सुवार्ता घेऊन ब्रह्मदेशी गेले, पण पुढे तेथील राजाच्या चाकरीत शिरले. 1814 साली इरावती नदीत गलबत उलटून त्यांची पत्नी व मुले बुडाली. राजाचे वकील म्हणून ते कलकत्त्यास थाटाने आले, तेव्हा पित्यास अभिमान वाटला नाही, वाईट वाटले. नंतर ते मन मोडून रानोमाळ भटकले. 1818 साली चितगावास वॉर्ड यांची व त्यांची गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांस समजावून घरी आणिले. वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी पुढली चार वर्षे भाषांतराचे काम केले, आणि 1822 साली ते मरण पावले. त्याच वर्षी कृष्ण पालही गेला.

इकडे दोरी धरणारे एकेक हात सुटत होते. सटक्लिफ 1814 साली गेले, फुलर 1815 साली, आणि रायलंड 1825 साली. ज्यांनी केरींस कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते अशी माणसे आता इंग्लंडातील कमिटीत बसली. सेरामपुराच्या मिळकतीवर हक्क कोणाचा, यावरून संशय वाढला, आणि 1827 साली संबंध तुटला. त्याच्या आधीच नवे मिशनरी वेगळे निघून कलकत्त्यास राहिले होते. त्यांत केरींचा सख्खा पुतण्या युस्टेस होता, आणि ज्या पिअर्स यांचे नाव केरींच्या हृदयावर कोरलेले होते त्यांचा पुत्र विल्यम पिअर्सही होता. येथे आमचे वाचक क्षणभर थांबतील तर बरे. मेलेल्या मित्रास स्वर्गात भेटू ही आशा गोड आहे. पण त्याचाच मुलगा चार कोसांवर राहून आपल्याशी फटकून वागतो, तेव्हा त्या आशेचे करावे काय? युस्टेस यांनीच पुढे आपल्या चुलत्याचे चरित्र लिहून 1836 साली प्रसिद्ध केले, एवढे मात्र येथे सांगितले पाहिजे.

वॉर्ड 7 मार्च 1823 रोजी पटकीने गेले. आदल्या दिवशी ते चांगले होते. तिघांचे दोघे उरले.

केरीसाहेबांस झाडांची फार आवड. इंग्लंडाहून एकदा बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर पिशवीच्या तळची माती त्यांनी बागेत सावलीच्या जागी झटकली. थोड्या दिवसांनी तेथे डेझीचे रोप उगवले. इंग्लंडच्या कुरणांत हे फूल आपल्याकडील गवतफुलांसारखे पायदळी येते, त्याची कोणी पर्वा करीत नाही. पण तीस वर्षांत ते न पाहिलेल्या या वृद्धास अपार हर्ष झाला. गावाकडचा कोणी जुना सोबती न सांगता दारात उभा राहावा, तसे त्यांस झाले. उन्हाळ्याने व पावसाने रोप टिकेना, म्हणून ते दरवर्षी बी धरून पुन्हा लावीत. मायदेशी त्यांची बहीण मेरी पक्षाघाताने वर्षानुवर्षे अंथरुणास खिळली होती. तिच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत चालू होता. या बहीणभावांची भेट इहलोकी झाली नाही.

शेवटच्या दिवसांत चालवेनासे झाले, तेव्हा त्यांस खुर्चीत बसवून बागेतून फिरवीत. एकदा मन खिन्न असता ते म्हणाले की, आपल्यामागे मार्शमनबंधू या बागेत गाई सोडतील. मार्शमन यांस झाडांची गोडी नव्हती खरी, पण आपण ती जपू असे त्यांनी मित्रास वचन दिले.

9 जून 1834 रोजी पहाटे केरीसाहेब गेले. त्यांचे वय 72 वर्षांचे होते. दुसरी पत्नी शार्लट 1821 साली वारली होती. तिच्याच शेजारी आपणांस ठेवावे, आणि दगडावर नाव, तारखा व आयझॅक वॉट्स यांच्या गीताच्या दोन ओळी एवढेच असावे, असे त्यांनी लिहून ठेविले होते. त्या ओळींत भाषांतरांविषयी वा कोशांविषयी एक अक्षर नाही. मार्शमन आणखी साडेतीन वर्षे त्याच आवारात राहिले. 1837 च्या डिसेंबरात तेही गेले, आणि त्यांस त्याच दफनभूमीत, वॉर्ड व केरी यांच्या सोबतीस, ठेवण्यात आले.